विकिपीडियावरील कंपनीचा लेख कसा तपासावा: गोव्यातील वाचकांसाठी मार्गदर्शिका

विकिपीडियावरील लेखात कोणालाही बदल करता येतो, ही त्या विश्वकोशाची मूळ कल्पना आहे. याच मोकळीकीचा फायदा घेऊन एखादी कंपनी, तिने नेमलेली जनसंपर्क संस्था किंवा मोबदला घेऊन लिहिणारा एखादा अनामिक त्या कंपनीवरच्या लेखातील अडचणीची वाक्ये गुपचूप काढून टाकू शकतो आणि त्यांच्या जागी कौतुकाचे परिच्छेद घालू शकतो. गोव्यात खाणी, कॅसिनो, बांधकाम प्रकल्प, बंदरातील कोळसा आणि औषधनिर्मितीचे कारखाने यांबद्दल ग्रामसभांपासून न्यायालयापर्यंत वाद चालू असतात, आणि ग्रामसभेला जाण्यापूर्वी कंपनीचे नाव मोबाइलवर शोधणाऱ्या माणसाच्या हाती बहुतेक वेळा सर्वांत आधी विकिपीडियाचाच मजकूर लागतो. तो मजकूर कितपत विश्वासार्ह आहे, तो कोणी आणि केव्हा बदलला, आणि बदल संशयास्पद वाटला तर नेमके काय करावे, याची पद्धत पुढे दिली आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरावी, ती ही की शोध बदलाचा घ्यायचा असतो, बदल करणाऱ्या माणसाचा नव्हे. माणसाच्या मागे लागणारे तपास बहुधा तर्कवितर्कात अडकतात. बदलाच्या मागे लागणारे तपास शेवटपर्यंत जाऊ शकतात, कारण प्रत्येक बदलाची नोंद विकिपीडिया स्वतःच ठेवत असतो.

नियम काय सांगतो हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळांचा समज असा असतो की कंपनीने स्वतःबद्दलच्या लेखाला हात लावणेच मुळात निषिद्ध आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेने जून २०१४ मध्ये आपल्या वापराच्या अटींत दुरुस्ती करून असे बंधन घातले की जो मोबदला घेऊन संपादन करतो त्याने आपला मालक, आपला ग्राहक आणि त्यांच्याशी असलेला संबंध उघड केलाच पाहिजे. हितसंबंध असलेल्या व्यक्तीने लेखात थेट बदल न करता चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, विनंती करावी, असा इंग्रजी विकिपीडियाचा आग्रह आहे. म्हणजे स्थापनेचे चुकीचे वर्ष किंवा चुकीचा पत्ता दुरुस्त करून घेण्याचा मार्ग कंपनीला खुला आहे, आणि तो तिने वापरावाही. आक्षेप आहे तो लपवाछपवीला.

लपवाछपवीचे प्रकार काळानुसार बदलत गेले आणि त्यांच्याबरोबर ती ओळखण्याच्या पद्धतीही बदलल्या. ऑगस्ट २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या अमेरिकी विद्यार्थ्याने विकिस्कॅनर नावाचे साधन तयार केले. खाते न उघडता केलेल्या संपादनांसोबत विकिपीडिया त्या काळी संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील त्याचा ओळख क्रमांक, जाहीरपणे नोंदवत असे, आणि तो पत्ता कोणत्या संस्थेच्या नावावर आहे हे सार्वजनिक नोंदींतून कळत असे. विकिस्कॅनरने या दोन याद्या केवळ एकमेकींशी जुळवल्या. मतदानयंत्रे बनवणाऱ्या डीबोल्ड कंपनीच्या संगणकजाळ्यातून २००५ मध्ये तिच्यावरील टीकेचे १५ परिच्छेद एका फटक्यात काढले गेले होते, हे त्यातून उजेडात आले. पुढे कचेरीतल्या संगणकावरून असा भाबडा उद्योग करणे मागे पडले आणि काम बाहेर देण्याची रीत आली. डिसेंबर २०११ मध्ये बेल पॉटिंजर या ब्रिटिश जनसंपर्क संस्थेची विकिपीडियावरील छुपी खाती उघडकीस आली. २०१३ मध्ये पैसे घेऊन लेख लिहून देणाऱ्या विकी-पीआर या कंपनीशी संबंधित अडीचशेहून अधिक खाती बंद झाली. आणि ३१ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्रजी विकिपीडियाने ‘ऑरेंजमूडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीची ३८१ खाती बंद केल्याचे जाहीर केले. या टोळीची पद्धत तर खंडणीच्या जवळ जाणारी होती. ज्या लहान व्यावसायिकांचे लेख नाकारले गेले होते त्यांना गाठून पैशांच्या बदल्यात लेख प्रसिद्ध करून देऊ असे सांगायचे, आणि नंतर तो लेख ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दरमहा रक्कम मागायची. तेव्हा अशा व्यवहारात कंपनी नेहमी आरोपीच असते असे नाही. कधी कधी तीही फसलेली असते.

आयपी पत्त्यांवरून शोध घेण्याची जुनी युक्ती आज फक्त जुन्या संपादनांसाठी उपयोगी आहे. खाते न उघडता बदल करणाऱ्याचा आयपी पत्ता आता बहुतेक विकिपीडियांवर सर्वांना दिसत नाही. त्याऐवजी ‘~’ या चिन्हाने आणि वर्षाच्या आकड्याने सुरू होणारे तात्पुरते खाते दिसते. म्हणून पुढची सारी पद्धत संपादनांच्या आशयावर आणि क्रमावर आधारलेली आहे.

इतिहास कसा वाचावा

लेख उघडल्यावर मजकुराकडे न वळता आधी वरच्या पट्टीतील ‘इतिहास पहा’ या दुव्यावर जावे. तेथे लेखाची प्रत्येक आवृत्ती एकेका ओळीत नोंदलेली असते: तारीख, वेळ, सदस्याचे नाव, लेखाचा आकार, त्या बदलाने आकार किती वाढला किंवा घटला, आणि बदल करणाऱ्याने स्वतः दिलेला सारांश. आकार बाइटमध्ये मोजला जातो, आणि येथे मराठी व कोंकणी वाचकाने एक बारकावा लक्षात ठेवावा. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. त्यामुळे इंग्रजी लेखात तीन हजार बाइटांची घट दिसली तर साधारण पाचशे शब्द गेले असे समजावे, परंतु मराठी लेखात तेवढ्याच आकड्याने दीडशेच्या आसपास शब्द गेलेले असतात.

ज्या ओळीत ऋण आकडा मोठा आणि सारांश छोटा, ती ओळ आधी उघडावी. ‘व्याकरण दुरुस्ती’, ‘अद्ययावत केले’, ‘दुवा चालत नाही’ असे सारांश देऊन दोन-दोन परिच्छेद वगळले जाण्याचे प्रकार नित्याचे आहेत. काही वेळा तर त्या बदलावर ‘छोटा बदल’ अशी खूणही केलेली असते. दोन आवृत्त्या निवडून त्यांची तुलना केली की काय गेले आणि काय आले ते समोरासमोर दिसते. इतिहास लांबलचक असेल तर सगळ्या ओळी वाचत बसू नये. दोन वर्षांपूर्वीची एक आवृत्ती आणि आजची आवृत्ती यांची थेट तुलना करावी, म्हणजे मधल्या किरकोळ बदलांचा गाळ बाजूला राहतो. एखादे विशिष्ट वाक्य केव्हा आले किंवा केव्हा गेले हे शोधण्यासाठी विकिब्लेम नावाचे साधन आहे. इतिहासाच्या पानावरूनच त्याकडे जाता येते.

वेळेच्या रकान्याचाही उपयोग होतो, पण जपून. इंग्रजी विकिपीडियावर सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ दिसते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते. एखाद्या खात्याची सर्व संपादने सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा याच पट्ट्यात पडत असतील तर ते काम कोणाच्या तरी नोकरीचा भाग असावे असा अंदाज करता येतो, मात्र हा पुरावा नव्हे. निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही दिवसाच लिहितात.

काय वगळले गेले

समजा, डिचोली तालुक्यातील एका कल्पित खाणकंपनीवर लेख आहे. त्यात पूर्वी दंड, न्यायालयीन आदेश आणि गावकऱ्यांच्या तक्रारी यांचा एक विभाग होता; आज तो नाही, आणि त्या जागी वृक्षारोपण, शालेय गणवेशवाटप आणि पाणीपुरवठ्याची माहिती आहे. हा सर्वांत ढोबळ प्रकार झाला. खरे कसब असते ते टप्प्याटप्प्याने केलेल्या बदलांत, आणि तेच ओळखायला शिकले पाहिजे. पहिल्या आठवड्यात ‘वाद’ या विभागाचे शीर्षक बदलून ‘नियामक घडामोडी’ केले जाते. पुढे ‘दंड ठोठावला’ याचे ‘प्रकरण निकाली निघाले’ होते. मग एखाद्या विधानापुढचा बातमीचा दुवा बंद पडल्याचे कारण सांगून दुवा काढला जातो, आणि महिनाभराने दुसरेच खाते येऊन ‘संदर्भ नाही’ म्हणून ते विधानही काढते. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर निरुपद्रवी वाटते, किंबहुना नियमाला धरूनही असते. एकत्र पाहिल्यावरच दिशा कळते. म्हणून तपासताना केवळ एक बदल न पाहता एकाच परिच्छेदाचा वर्षभरातला प्रवास कागदावर उतरवून घ्यावा.

गोव्यातील खाणकंपन्यांच्या बाबतीत एक कसोटी फार सोपी आहे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. त्यानंतर राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननाची वाट मोकळी केली, पण नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरवले. आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाल्याने त्याच वर्षी १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले. ही सारी वर्षे व्यापणारा गोव्यातील लोहखनिज कंपनीचा इतिहास या तारखांचा उल्लेखही न करता पूर्ण होऊच शकत नाही. लेख २०११ वरून थेट पुढच्या दशकातील ‘विस्ताराच्या योजनां’वर उडी मारत असेल तर मजकूर मुळात लिहिलाच गेला नव्हता की लिहून नंतर काढला गेला, हे इतिहासात पाहावे. दोन्ही शक्य असतात. पहिल्या प्रकारात दोष फक्त अपुरेपणाचा असतो.

जे वगळले जाते त्याइतकेच जे घातले जाते तेही बोलके असते. ‘अग्रगण्य’, ‘जागतिक दर्जाचा’, ‘दूरदृष्टीचे संस्थापक’ अशी विशेषणे कोणीही ओळखेल. त्याहून उपयोगी खूण म्हणजे एकाच वाक्यापुढे टांगलेले चार-पाच संदर्भ, जे उघडून पाहिले तर एकाच प्रसिद्धिपत्रकाच्या नकला निघतात. वृत्तपत्रांतील प्रायोजित मजकूर आणि जाहिरात पुरवण्या बातमीसारख्याच दिसतात. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या प्रश्नावर भारतीय प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये अहवाल तयार करण्याइतका तो रोग जुना आहे. म्हणून संदर्भ आहे एवढ्यावर समाधान न मानता त्यावर पत्रकाराचे नाव आहे का, कंपनीखेरीज आणखी कोणाचे म्हणणे त्यात आहे का, आणि पानाच्या कोपऱ्यात ‘प्रायोजित’ असे लिहिले आहे का, ते पाहावे.

खात्याची वागणूक

संशयास्पद बदल करणाऱ्या सदस्याच्या नावावर जाऊन त्याचे ‘योगदान’ पाहावे. ज्या खात्याने एका कंपनीवर, तिच्या संचालकांवर आणि तिच्या उत्पादनांवरच लिहिले आहे, दुसऱ्या कशावरही नाही, ते खाते एकहेतू मानले जाते. इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख थेट प्रसिद्ध करण्यासाठी खाते किमान चार दिवस जुने असावे लागते आणि त्याची दहा संपादने झालेली असावी लागतात. त्यामुळे दहा निरर्थक स्वल्पविराम-दुरुस्त्या, चार-पाच दिवसांची शांतता आणि मग अचानक माहितीचौकटीसारख्या सर्व तयार साच्यांसह सजलेला कंपनीचा परिपूर्ण लेख, असा क्रम दिसला तर लिहिणारा नवशिक्या नाही हे निश्चित समजावे.

छायाचित्रे पाहण्याचे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लेखातील व्यवस्थापकीय संचालकाच्या छायाचित्रावर टिचकी मारून विकिमीडिया कॉमन्स या छायाचित्रांच्या सामाईक भांडारातील त्याचे पान उघडावे. स्टुडिओत काढलेले, उत्तम प्रतीचे छायाचित्र तेथे ‘स्वतःचे काम’ म्हणून चढवलेले असेल आणि चढवणारे खाते तेच असेल, तर त्या खात्याचा कंपनीशी संबंध आहे किंवा त्याने प्रताधिकाराचे उल्लंघन केले आहे; तिसरी शक्यता क्वचितच उरते. हा एक प्रश्न विकिपीडियावर सरळ विचारण्याची सोय आहे, आणि तो प्रश्न विचारताना कोणाचेही खरे नाव घ्यावे लागत नाही.

मात्र उलट बाजूही ध्यानात ठेवावी. लेखात बदनामीकारक मजकूर घुसवणारे प्रतिस्पर्धी आणि नोकरीवरून काढलेले नाराज कर्मचारीही असतात, आणि त्यांनी घातलेले निराधार आरोप कोणी काढले तर ती सफाई योग्यच ठरते. मोठे अनुभवी नाव दिसले म्हणून निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. आयआयपीएम या खाजगी व्यवस्थापन शिक्षणसंस्थेवरील लेखात वर्षानुवर्षे पक्षपाती संपादन केल्याच्या प्रकरणात इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने २०१५ मध्ये ज्याच्यावर बंदी घातली, तो त्या विकिपीडियाचा प्रचालक, म्हणजे लेख हटवण्याचे आणि खाती बंद करण्याचे अधिकार असलेला सदस्य, होता.

कंपनीच्या लेखाबाहेर

पर्यटनावर चालणाऱ्या राज्यात छुपी जाहिरात कंपनीच्या लेखात असण्यापेक्षा गावांच्या आणि किनाऱ्यांच्या लेखांत असण्याचा संभव अधिक. मे २०१९ मध्ये द नॉर्थ फेस या कपड्यांच्या कंपनीसाठी ब्राझीलमधील एका जाहिरात संस्थेने प्रेक्षणीय स्थळांवरील लेखांतली छायाचित्रे बदलून त्या जागी आपल्या ग्राहकाची उत्पादने दिसतील अशी छायाचित्रे घातली, आणि नंतर त्याची फुशारकी मारणारी चित्रफीतही काढली. विकिपीडियाच्या संपादकांनी ती छायाचित्रे हटवली आणि कंपनीला माफी मागावी लागली. कळंगुट, पाळोळे किंवा हरमल यांच्यावरील लेख वाचताना ‘राहण्याची सोय’ या मथळ्याखाली एकाच रिसॉर्टचे नाव का आहे, छायाचित्राच्या मध्यभागी कोणाची पाटी आहे, तालुक्याच्या लेखात एखाद्या बिल्डरच्या प्रकल्पाला स्वतंत्र परिच्छेद कशासाठी मिळाला आहे, हे पाहण्याची सवय लावावी. कंपनीच्या लेखाच्या बाजूच्या पट्टीत ‘येथे काय जोडले आहे’ हा दुवा असतो. त्या कंपनीचे नाव आणखी कोणकोणत्या लेखांत पेरले आहे ते तेथे एकत्र मिळते.

भाषांकडेही लक्ष द्यावे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आणि कोंकणी विकिपीडिया २०१५ पासून आहे, आणि दोन्हीकडे नियमित राबता असलेले संपादक इंग्रजीच्या तुलनेत फारच थोडे आहेत. त्यामुळे इंग्रजीत एका दिवसात परतवला (म्हणजे बदल रद्द करून हटवला) जाणारा जाहिरातवजा मजकूर मराठीत महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो. कोंकणीत तर एकच विषय देवनागरीत आणि रोमी लिपीत स्वतंत्रपणे आलेला असू शकतो, तेव्हा दोन्ही पाहावेत. तीन भाषांतील लेख शेजारी ठेवून वाचले की इंग्रजीत असलेला दंडाचा उल्लेख मराठीत का नाही, हा प्रश्न आपोआप समोर येतो.

गोव्यातले पुरावे कोठे मिळतात

वगळलेला मजकूर खरा होता की नाही, हे ठरवल्याशिवाय तो परत घालण्याचा आग्रह धरू नये. येथे स्थानिक वाचकाचे पारडे जड आहे, कारण दूर बसलेल्या संपादकाच्या हाती नसलेली साधने त्याच्या आवाक्यात असतात. बंद पडलेल्या दुव्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीन या जुन्या संकेतपानांच्या संग्रहात घालून पाहावा. तेथे नसेल तर पणजीच्या पाटो भागातील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात वृत्तपत्रांचे जुने अंक पाहावेत. विकिपीडियावरील संदर्भाला इंटरनेटवरचा दुवा असलाच पाहिजे असा नियम नाही. दैनिकाचे नाव, अंकाची तारीख, बातमीचा मथळा आणि पान क्रमांक एवढे दिले तरी तो ग्राह्य असतो. ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’, ‘तरुण भारत’ यांतील मराठी बातमीही इंग्रजी लेखासाठी चालते, फक्त संदर्भात भाषेचा उल्लेख करावा आणि कोणी मागितल्यास त्या वाक्याचा अनुवाद चर्चापानावर द्यावा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे निकाल, गोवा सरकारचे राजपत्र, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आदेश आणि गोवा रेरा या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडील प्रकल्पनोंदी हे सारे विधाने पडताळण्यासाठी उपयुक्त आहे. लेखात मात्र निव्वळ न्यायालयीन कागदाचा आधार देण्यापेक्षा त्याची दखल घेणारी बातमी सोबत द्यावी, कारण कच्च्या कागदपत्रांवरून स्वतः निष्कर्ष काढणे विकिपीडियाला मान्य नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीतील कंपनी ओळख क्रमांकात राज्याचे संक्षिप्त रूप आणि नोंदणीचे वर्ष अंतर्भूत असते, त्यामुळे ‘१९४० पासून सेवेत’ अशा दाव्यांची प्राथमिक छाननी बसल्या जागी होते. पण गोव्यापुरती येथे सावधगिरी हवी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे पोर्तुगीज कायदा होता, आणि त्या काळात सुरू झालेल्या पेढ्यांची भारतीय कायद्याखालील नोंदणी साहजिकच नंतरची असते. वर्ष जुळले नाही म्हणून दावा खोटा, असे धरून चालू नये.

दाद कशी मागावी

पुरावा हाती आल्यावर प्रथम संबंधित आवृत्त्यांचे आणि त्यांच्यातील फरकाचे कायमचे दुवे जतन करावेत. नंतर स्वतःचे खाते उघडून लेखाच्या चर्चापानावर संयमित भाषेत नोंद करावी. तिचा नमुना असा असू शकतो: ‘अमुक तारखेच्या संपादनात न्यायालयीन आदेशाविषयीचा परिच्छेद वगळला गेला आहे. त्यातील विधानाला अमुक दैनिकाच्या अमुक तारखेच्या अंकातील बातमीचा आधार होता. वगळण्याचे कारण सारांशात दिलेले नाही. हरकत नसल्यास तो परिच्छेद सुधारित संदर्भासह परत घालत आहे.’ या चार वाक्यांत कोणावरही आरोप नाही, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणे टाळता येत नाही. काही दिवस वाट पाहून परिच्छेद परत घालावा. तो पुन्हा काढला गेला तर पुन्हा पुन्हा परतवण्याच्या झुंजीत पडू नये. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच लेखात तीनपेक्षा अधिक वेळा परतवणाऱ्याचे खाते, त्याची बाजू खरी असली तरी, बंद होऊ शकते.

बदल करणाऱ्या सदस्याच्या चर्चापानावर स्वतंत्रपणे एवढेच विचारावे की आपला या कंपनीशी नोकरीचा किंवा मोबदल्याचा काही संबंध आहे काय, आणि असल्यास तो जाहीर कराल काय. उत्तर न मिळता तसेच बदल चालू राहिले तर इंग्रजीत हितसंबंधांच्या संघर्षासाठी असलेल्या सूचनाफलकावर आणि मराठीत चावडीवर (संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) किंवा प्रचालकांकडे विषय न्यावा. एकच माणूस अनेक खाती चालवतो असा संशय असेल तर तक्रारीस विलंब करू नये, कारण खात्यांची तांत्रिक पडताळणी ज्या नोंदींवरून होते त्या साधारण ९० दिवसांनंतर राहत नाहीत.

एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नये. खात्यामागील व्यक्ती कोण असावी याचा माग काढून तिचे नाव, कचेरी, छायाचित्र किंवा समाजमाध्यमावरील खाते विकिपीडियावर उघड करणे हा तेथे गंभीर अपराध मानला जातो आणि त्यापायी तक्रारदाराचेच खाते कायमचे बंद होऊ शकते. विकिपीडियाबाहेर व्हॉट्सॲपच्या गावगटात ‘अमुक कंपनीने लेख बदलला’ असे ठामपणे लिहिणाऱ्याने भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, म्हणजे मानहानीचे कलम, विसरू नये. ‘अमुक तारखेला अमुक परिच्छेद वगळला गेला’ हे विधान मात्र कोणालाही पडताळता येते आणि म्हणून सुरक्षित असते. एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्यावरील लेखातील वर्णनाविरुद्ध २०२४ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले आणि संपादकांची ओळखही मागितली. त्या खटल्यावरचाच लेख हटवण्याचा आदेश पुढे ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अशा वातावरणात संदर्भाला चिकटून राहणे हे संपादकाच्या स्वतःच्या हिताचेही आहे.

कंपनीतच काम करणाऱ्यांसाठी

हॉटेलांत, बांधकाम कचेऱ्यांत आणि डिजिटल मार्केटिंगच्या छोट्या संस्थांत काम करणाऱ्या तरुणांना ‘विकिपीडियावर आपले पान करून टाक’ असा हुकूम सुटणे हल्ली अगदी स्वाभाविक झाले आहे. असे काम अंगावर आल्यास आपल्या सदस्यपानावर मालकाचे आणि ग्राहकाचे नाव स्पष्ट लिहावे, लेखाला हात न लावता चर्चापानावर नेमके कोणते वाक्य कसे बदलावे ते संदर्भासह मांडावे, आणि दुसऱ्या कोणी संपादकाने ते तपासून स्वीकारेपर्यंत थांबावे. कंपनीचे संकेतस्थळ हा तिच्या पत्त्यापुरता संदर्भ होऊ शकतो, तिच्या थोरवीचा नव्हे. छुपेपणाने लिहिण्याची जोखीम केवळ खाते बंद होण्याइतकीच नसते, हेही वरिष्ठांच्या कानावर घालावे. म्युनिकच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने मे २०१२ मध्ये धुपापासून बनणाऱ्या उत्पादनांच्या एका प्रकरणात, विकिपीडियावर ओळख लपवून केलेले व्यापारी लिखाण म्हणजे अनुचित स्पर्धा होय, असा निर्णय दिला होता.

कंपनीची स्वतंत्र माध्यमांनी सविस्तर दखल घेतलेली नसेल तर लेख टिकणार नाही, आणि तो वगळताना झालेली चर्चा कंपनीच्या नावानिशी विकिपीडियावर राहील. दखल घेतलेली असेल आणि लेख टिकलाच, तरी तो कंपनीच्या मालकीचा होत नाही: उद्या एखाद्या गावाने प्रकल्पाविरुद्ध खटला जिंकला तर तो निकालही त्याच लेखात नोंदला जाईल, आणि कंपनीने कितीही मागणी केली तरी लेख मागे घेता येणार नाही. ही गोष्ट साहेबांना पान करायला घेण्यापूर्वी सांगावी, आणि शक्यतो लेखी सांगावी.